दहा मीटरची रेघ

आर्णीच्या एका जिनिंगमध्ये मी बावीस वर्षं वजनकाट्यावर होतो. कापसाची धूळ छातीत बसली आणि पन्नाशीतच दम लागू लागला. यवतमाळच्या डॉक्टरांनी मला सहा मिनिटं चालायला लावून अंतर मोजलं. ३३० मीटर भरलं. म्हणाले, "दर रविवारी घरी असंच चाला. महिन्याला आकडा फोनवर सांगा. तीनशेच्या खाली गेला तर त्याच दिवशी निघून या."

घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत मी टेपने दहा मीटर मोजले. एक रेघ पायरीशी, दुसरी फाटकाकडे. सकाळच्या सड्याने रेघा पुसल्या जात, मग बायको रांगोळीने नव्या ओढायची. घड्याळ माझ्या हातात, फेऱ्याही मीच मोजून वहीत लिहायचो. पहिल्याच रविवारी ३१ फेऱ्या झाल्या, म्हणजे जेमतेम ३१० मीटर. त्या दिवशी मी जेवलो नाही. पुढे मात्र ३४ झाल्या, मग ३६, चौथ्या महिन्यात ३८. म्हणजे ३८० मीटर. दम पूर्वीपेक्षा जास्त लागतो हे मला जाणवत होतं, पण मी आकडा खरा धरला. डॉक्टरही फोनवर म्हणाले, "छान. औषधं तीच ठेवा."

चार महिन्यांनी नेमलेल्या तपासणीला गेलो. दवाखान्याच्या तीस मीटरच्या व्हरांड्यात चाललो, दोनदा भिंत धरली. नर्सने २८२ लिहिले.

"ताई, तुमचं माप चुकलं," मी म्हणालो.

तिने टेप पुढे केला. "धरा काका, तुमीच मोजा. मले काय, एवढा व्हरांडा तर मी रोजच मोजतो!"

तीस मीटर होते, अगदी बरोबर. चालताना माझा ऑक्सिजन ८२ वर उतरला होता. डॉक्टर म्हणाले, "दोन महिने आधी यायला हवं होतं. आता घरी ऑक्सिजनचं मशीन लागेल."

एसटीने घरी आलो आणि चपला न काढता रेघांमधलं अंतर मोजलं. सात मीटर साठ. ३८ ने गुणलं तर २८९. बायको दारात उभी होती. काय मोजता, हे तिने विचारलं नाही.

"किती दिवसापासून?"

"तुमी उपाशी निजले, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. रोज बोटभर सरकवली."

"रोज एकच बोट?"

"कधी एक, कधी दोन. मी का लिहून ठेवलं? आकडा वाढला का तुमी हसत जेवत होते. मले तेवढंच दिसत होतं."

"अन् मी डॉक्टरले तोच आकडा सांगत होतो!"

वहीतले चार महिन्यांचे रविवार मी आडवी रेघ मारून रद्द केले. कोणत्या रविवारी तीनशेच्या खाली गेलो, ते आता कधीच कळणार नाही.

मशीन आलं, सोबत बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही आला. काल चालून आल्यावर तिने तो माझ्या बोटाला लावला आणि वाचलं, "नव्वद."

मी चष्मा मागितला. तिने आणून दिला. नव्वदच होते. तरी ती आत जाईपर्यंत थांबून मी पुन्हा लावून पाहिला.