डाव्या चाकाची ओल

माझ्या सासऱ्यांची गाडी इटलीची होती. तिकडे बनली, जहाजात बसली आणि मुंबईच्या गोदीत उतरली, हे ते भेटेल त्याला सांगत. तिची पुढची दारं उलटी उघडायची, म्हणजे बिजागऱ्या मागे आणि कडी पुढे, म्हणून झाशीच्या सीपरी बाजारातल्या आमच्या गल्लीत तिला 'उल्टे दरवाज़े वाली' असंच म्हणत. काचबिंदूनं सासऱ्यांची नजर गेली, तेव्हापासून ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. चौदा वर्षं. मग एक दिवस त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "जावईबापू, तुम्ही रेल्वेतले. तुम्हालाच जमेल."

मी रेल्वेत डब्यांच्या ब्रेकवर होतो. आयुष्य व्हॅक्युम ब्रेक खोलण्यात आणि जोडण्यात गेलेलं. त्या म्हाताऱ्या गाडीनं माझे तीन वर्षांचे रविवार खाल्ले. इंजिन उतरवलं, चढवलं. इथल्या उन्हात पेट्रोल इंजिनाजवळच्या छोट्या पंपापर्यंत पोचायच्या आतच नळीत उकळायचं, तेव्हा त्या पंपावर ओलं फडकं गुंडाळायची सवय लावून घेतली. बाकी सगळं जमत गेलं, अडलं ते ब्रेकच्या रबरावर. चाकात जे छोटं सिलिंडर असतं, त्यातले रबरी कप कुठेच मिळेनात. शेवटी इलाइट चौराह्याजवळच्या मिस्त्रीनं दुसऱ्याच कुठल्या गाडीचे आणून दिले. "करीब-करीब वही हैं, साहब," तो म्हणाला. कामावर असतो तर असला माल मी तोंडावर परत फेकला असता. घरी मात्र घेतला आणि घासून बसवला.

गाडी माझ्या हाती आल्यापासून बायको तिच्यात बसली नव्हती. ती म्हणायची, "बाबांना फिरवायला न्याल तेव्हा बसेन. मागे बसेन, म्हणजे तुमच्यावर लक्ष राहील."

तो दिवस दसऱ्याचा ठरला. आमच्याकडची जुनी मराठी घरं इथे कितीही हिंदी बोलू लागली तरी दसऱ्याला सीमोल्लंघन करतात. दुपारनंतर गावाची हद्द ओलांडायची, आपट्याची पानं आणायची, परतताना किल्ल्याजवळच्या देवळात ठेवायची. नजर गेल्यापासून सासरे घरीच बसून पानं घेत होते. यंदा त्यांनी आठ दिवस आधीपासून घोकायला सुरुवात केली होती. आपल्या गाडीतून जायचं. कोट इस्त्री करून ठेवला होता.

सकाळी गाडी धुतली, हार घातला. चाकाखाली ठेवायला लिंबं घेऊन वाकलो आणि मागच्या डाव्या चाकाची आतली बाजू ओली दिसली. बोट लावून पाहिलं. पाणी नव्हतं, ब्रेकचं तेल होतं. बॉनेट उघडलं, तर डबीतलं तेल बोटभर उतरलेलं.

आता इथे मी काय केलं ते नीट सांगतो, कारण हे रेल्वेवाल्याशिवाय कुणी केलं नसतं. आमच्या ब्रेकमध्ये पाइप फुटला, गळती झाली, तर गाडी थांबते. हवा आत शिरते आणि सगळ्या डब्यांचे ब्रेक आपोआप आवळतात. गळती म्हणजे खोळंबा, साहेबांच्या शिव्या, उशीर. धोका नव्हे. मोटारीत नेमकं उलटं असतं, तेल गेलं की ब्रेकच गेला. हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या ब्रेकचा स्क्रू न् स्क्रू मी स्वतःच्या हातानं लावला होता. पण त्या क्षणी मनात जे आलं ते हातांना पडलेल्या सवयीचं होतं. फार तर काय होईल, चाक धरेल आणि रस्त्यात उभं राहावं लागेल. मी तेल भरलं, फडक्यानं चाक पुसलं आणि वर पाहिलं. बायको पूजेचं ताट घेऊन पायरीवर उभी होती.

"काय झालं?"

"काही नाही. चिखल होता."

सासरे आतून हाक मारत होते, निघायचं ना, निघायचं ना. उद्यावर ढकलायचं धैर्य माझ्यात नव्हतं. दसरा उद्या नव्हता.

जाताना सगळं ठीक होतं. सासरे पुढे माझ्या शेजारी, हात डॅशबोर्डवर ठेवून इंजिन ऐकत बसलेले. हद्द ओलांडली तेव्हा त्यांनी मला थांबायला लावलं, उतरले, जमिनीला हात लावला आणि पुन्हा बसले. पानं घेतली. मी प्रत्येक वेळी पॅडल दाबताना श्वास धरत होतो. पॅडल किंचित खाली जातंय असं वाटत होतं, मग वाटे, भास असेल. परत फिरावं, सरळ घर गाठावं, असं दोनदा मनात आलं. पण देवळात पानं ठेवायची राहिली होती आणि सासरे खुशीत होते.

देऊळ झालं आणि आम्ही किल्ल्याकडून गावात उतरायला लागलो. खाली दसऱ्याची गर्दी. हातगाड्या, सायकली, खांद्यावर पोरं घेतलेले बाप. मी ब्रेक दाबला, गाडी मंदावली. पुन्हा दाबला, आणि पॅडल सरळ फळीला जाऊन टेकलं. तिथे काहीच नव्हतं. भराभर चार-पाच वेळा दाबलं. फक्त बूट फळीवर आपटल्याचा आवाज.

हातब्रेक ओढला. जळका वास आला, वेग थोडा कमी झाला, पण गाडी थांबेना. हॉर्न दाबून धरला. लोकांना वाटलं, सणाचा उत्साह. एक जण हसून बाजूला झाला.

"ब्रेक गेला ना?" सासरे म्हणाले. त्यांना दिसत नव्हतं, पण माझ्या पायाचा आवाज ते ऐकत होते. "क्लच दाबा. गियर मोकळा करून रेस द्या. मग दुसऱ्यात घाला. घाई करू नका."

त्या गाडीचा गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर होता. तो पहिल्यांदा चुकला, दात करकरले. "पुन्हा," ते म्हणाले. दुसऱ्यांदा बसला. इंजिन ओरडलं आणि गाडीनं मान खाली घातली. मागून बायकोनं दोन्ही हातांनी त्यांचे खांदे आवळून धरले होते. समोर पेरूची हातगाडी आणि तिच्याभोवती माणसं. डावीकडे रस्त्याच्या कामासाठी टाकलेला मुरमाचा ढीग. मी स्टिअरिंग डावीकडे मारलं. गाडी ढिगात घुसली, मागचा भाग उचलला गेला आणि सगळं थांबलं.

सासऱ्यांचा ओठ फुटला होता. बाकी कुणाला काही नाही. लोक जमले. कुणी दार ओढून पाहिलं, ते भलतीकडून उघडलं, कुणी म्हणालं, "दादाजी, बच गए." सासरे कोटाच्या बाहीनं रक्त टिपत उतरले आणि त्या अनोळखी माणसांना सांगू लागले, "ब्रेक अचानक फेल हो गया. पुरानी गाड़ी है. हमारे दामाद जी ने बचाया. रेलवे में हैं. इनका दिमाग़ देखिए आप." त्यांचा हात माझ्या पाठीवर होता. मला त्या हाताखाली उभं राहवत नव्हतं.

घरी आल्यावर मी बायकोला स्वयंपाकघरात गाठलं आणि सांगितलं. चिखल नव्हता, तेल होतं. मला दिसलं होतं, मी पुसलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मला पायरीवरूनच तेलाचा वास आला होता. मला वाटलं, तुम्हाला कळतंय ना, म्हणजे ठीक असेल." डोळे पुसून पुढे म्हणाली, "बाबांना सांगायचं नाही."

"त्यांना खरं कळायला हवं."

"कशाला? तुम्हाला हलकं वाटावं म्हणून? ते आज खूश आहेत. त्यांच्या गाडीनं त्यांनी सीमोल्लंघन केलं, त्यांच्या जावयानं त्यांना वाचवलं. यातलं काहीही तुम्ही त्यांच्याकडून काढून घेणार नाही."

मी त्यांना सांगितलं नाही. त्यानंतर सहा वर्षं सासरे ती गोष्ट सांगत राहिले. लग्नात, बारशाला, भेटायला आलेल्या प्रत्येकाला. दर वेळी माझी हुशारी थोडी वाढायची आणि त्यांनी स्वतः सांगितलेला दुसरा गियर गोष्टीतून गळून जायचा. मी ऐकत बसायचो. बायको चहा ठेवायला उठून जायची. दवाखान्यात, अगदी शेवटी, त्यांनी नर्सला माझा हात धरून दाखवला आणि गोष्ट सुरू केली. ती पुरी झाली नाही, दम लागला.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. बायको चादरींच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "आता सांगायचं असेल तर सांगा, कुणालाही." ज्यांना सांगायचं होतं, ते गेले होते. आणि जिला माहीत होतं, तिनं आपल्या वाटचं ओझं सहा वर्षं एकटीनं वाहिलं होतं. मी चादरीचं दुसरं टोक धरलं.