व्याह्यांची नडगी

हाडं बसवायचं काम आमच्या घरात आजोबांपासून. जातीनं आम्ही भोईच, पण आजोबांनी पालखी सोडून हे काम धरलं. कसब्यात आमच्या ओट्यावर सकाळी लोक येऊन बसायचे. कुणी घोड्यावरून पडलेला, कुणी तालमीत खांदा निखळलेला. अक्षरं म्हणाल तर एका कारकुनाचं मनगट बसवलं, त्यानं चार गिरवून घेतली, तेवढीच. पण हाडाच्या कामात माझ्या तोडीचा माणूस पुण्यात नव्हता. हे मी आजही म्हणतो, आणि पुढचं सगळं लिहून झाल्यावरही म्हणेन.

माझे व्याही, म्हणजे थोरल्या लेकीचे सासरे, एका सरदारांच्या पालखीचे भोई. पुढचा डावा खांदा त्यांचा. श्रावणात पालखी मुठेतून पलीकडं नेताना शेवाळलेल्या दगडावरून त्यांचा पाय सुटला आणि पालखीचा दांडा नडगीवर आला. चौघांनी कांबळ्यात घालून माझ्याकडं आणलं.

नडगी मधोमध मोडली होती, कातडी शाबूत. असली हाडं मी बोलता बोलता बसवलेली. ओढून सरळ केलं, हाड सांधणारी कांडवेल वाटून लावली, उडदाच्या पिठात भिजवलेलं फडकं गुंडाळलं, वरून बांबूच्या कामट्या. पथ्य सांगितलं: दूध, तूप, आणि मीठ बंद. मिठानं हाड धरत नाही, असं वडील सांगायचे. भोयांच्या नायकाला मीच निरोप धाडला, की दिवाळीला तुमचा माणूस खांद्याला उभा करतो, त्याची जागा भरू नका. नायकानं माझ्या शब्दावर बदली माणूस लावून जागा राखली.

दर आठ दिवसांनी मी त्यांच्या घरी जाऊन फडकं सोडायचो, चाचपायचो, पुन्हा बांधायचो. महिन्याभरात मोडल्या जागी गाठ धरते आणि मग ती कडक होते. इथं गाठच आली नाही. दोन महिने झाले तरी नडगी मधोमध लवायची, गुडघ्याखाली दुसरा गुडघा असल्यासारखी. दुखत नव्हतं, आणि तेच वाईट. धरणारं हाड दुखतं.

मी म्हणालो, "व्याहीबुवा, मीठ खाल्लंत."

"न्हाई खाल्लं."

"खाल्ल्याबिगर असं व्हत न्हाई."

"मग लेकीला इचारा तुमच्या. चुलीपुढं ती असती, मी न्हाई."

लेक दारातच होती, हात पिठाचे. "आबा, सगळं घर अळणी खातंय दोन महिनं. तुम्ही सांगितलं म्हणून. आता माझ्यावर बी इस्वास न्हाई का?"

नव्हता. पोटच्या पोरीला तोंडावर खोटं पाडलं मी, पण हाडाला खोटं कसं म्हणू? व्याह्यांना उचलून माझ्या घरी आणलं.

"सुनेच्या माहेरी ऱ्हायला मला पाय मोडून घ्यावा लागला," ते म्हणाले.

त्यांचं ताट मी स्वतः वाढायचो आणि संपेपर्यंत समोर बसायचो. मीठ घरातूनच काढून शेजारी ठेवलं होतं. वडिलांनी एक शेवटचा उपाय सांगितला होता. त्यांनी तो दोनदाच केला होता, मी एकदाही नाही. मोडलेली टोकं एकमेकांवर घासायची. हाड आपलं दुखणं विसरलेलं असतं, त्याला ते नव्यानं करून द्यायचं. व्याह्यांनी मुंडाशाचा शेव दातात धरला. मी घासलं. आत खरखर झाली ती माझ्या बोटांना कळत होती.

"झालं का?"

"अजून थोडं."

ते ओरडले नाहीत. कपाळाचा घाम कानात जात होता, तोही पुसला नाही. दुसऱ्या दिवशी पाय सुजून तापला, आणि मला आनंद झाला.

दिवाळी आली, गेली. नायकाला कळवलं, मार्गशीर्ष लागेपर्यंत थांबा. फडकं आठवड्याला सोडून बघतच होतो. काही जण म्हणतात, सारखं सोडून बघितलंस म्हणून धरलं नाही. माझे वडीलही आठव्या दिवशीच सोडत आणि त्यांची हाडं धरत. यापुढं मला काही सांगता येत नाही.

चाळीस दिवसांनी सूज पार उतरली. मी घोट्याशी धरून पाय हलवला. लवला, पूर्वीसारखाच.

व्याही हळू म्हणाले, "आता मीठ कुणी खाल्लं, व्याहीबुवा?"

मी फडकं पुन्हा गुंडाळलं, कामट्या बांधल्या. ते म्हणाले, "नायकाला निरोप तुम्ही धाडला होता. आता तुम्हीच जा."

नायक पालखीच्या दांड्याला तेल लावत होता. मला बघून उठला.

"हुभा ऱ्हायला का?"

"न्हाई."

"मग कधी?"

आठ दिवस, पंधरा दिवस, पुढची पुनव, हे माझ्या जिभेवर नेहमी असायचं. त्या दिवशी काहीच आलं नाही. मी म्हणालो, "जागा भरा."

"दुसऱ्या कुनाला दाखवायचं का?"

"माझ्याहून जास्त जाणणारा सांगा. माझ्या पाठीवर घालून नेतो त्यांना."

नायकानं विचार केला. त्याला कुणी आठवेना. मलाही आठवेना. एरवी मला बरं वाटलं असतं.

घरी आलो तर व्याही भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "काय म्हनला?"

"भरतो म्हणाला."

"बरं झालं. बदलीवाल्याची बी किती दीस वढाताण." मग पाय माझ्याकडं सरकवला. "आता सोडा की हे. लई खाजतंय."

कशासाठी बांधून ठेवायचं ते मलाही सांगता आलं नसतं. मी गाठी सोडल्या, कामट्या काढल्या. ते भिंतीला धरून उठायला गेले. पाय मधेच वाकला. मी त्यांना काखेत धरलं, खाली बसवलं, आणि पुन्हा कामट्या लावायला घेतल्या. त्यांनीही पाय काढून घेतला नाही.