राखून ठेव

त्या केशकर्तनाच्या दुकानात खुर्च्या तीन, पण तिघींचं नशीब एक नव्हतं. पहिली काचेच्या खिडकीला लागून. तिथं बसलेल्याच्या गालावरचा एकेक केस वेगळा दिसायचा. दुसरी मधली, ना धड उजेडात ना धड अंधारात. तिसरी पार मागं, जिन्याच्या पोटाखाली, ओल्या टॉवेलांच्या दोरीशेजारी. भर दुपारीही तिथं माणसाला आपलं नाक आरशात शोधावं लागे. पूर्वी तिच्या डोक्यावर एक ट्यूब होती. मालकानं ती काढली आणि बाहेर, पाटीवर, स्वतःच्या हसऱ्या फोटोवर लावली. म्हणे, दुकानाचा चेहरा उजळायला हवा. उजळला बरं. आत माणसं अंधारात गाल देत होती आणि बाहेर याचे दात चमकत होते.

तिसऱ्या खुर्चीमागं दाजी उभे असत.

दाजी म्हणजे मालकाच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मालक दाजी म्हणे, म्हणून गिऱ्हाइकंही दाजीच म्हणत. वस्तरा हातात कसा धरायचा हे मेहुण्याला शिकवलं ते याच दाजींनी. सासऱ्यांनी डोळे मिटले, दुकान मुलाच्या नावावर झालं, आणि ज्यानं शिकवलं तो जिन्याखाली गेला. वर मेहुण्याचं बोलणं तोंडभर मानाचं. "दाजी, तुम्ही तर घरचे," म्हणायचं आणि घरच्या गाढवावर लादतात तसं लादायचं. दाजीही घरी त्याला अरेतुरे करत, पण दुकानाचा उंबरा ओलांडला की "मालक" म्हणत. गिऱ्हाइकांसमोर त्याचं पाणी राहावं म्हणून. त्यानं दाजींचं किती राखलं ते पुढं येईलच.

झालं काय, त्या अंधारात एका गिऱ्हाइकाच्या गालाला वस्तरा लागला. टाचणीच्या डोक्याएवढं रक्त. दाजींनी तुरटी फिरवली, माफी मागितली. गिऱ्हाईक म्हणालं, होतं असं. पण मेहुणा भर दुकानात ओरडला, "दाजी, डोळे गेले तुमचे! पुन्हा रक्त दिसलं तर वस्तरा खाली ठेवायचा. टॉवेल धुवायचे."

दाजींनी वस्तरा पुसून ठेवला. गप्प बसले. ते गप्प बसण्यात तयार गडी होते.

आता एकच वाट होती, खिडकीची खुर्ची. तिथं उजेड होता, आणि उजेडात त्यांचा हात अजून लोण्यातून जावा तसा जायचा. ती मिळाली तर वस्तरा राहणार होता. नाही मिळाली तर आज ना उद्या जिन्याखाली दुसरा गाल कापला जाणार होता, हे दाजींना ठाऊक होतं आणि मेहुण्यालाही.

खुर्ची मिळवायची त्या दुकानाची रीत मात्र जगावेगळी. गिऱ्हाइकांचा वेळ जावा म्हणून बाकड्यासमोरच्या टीव्हीला एक गेम जोडलेला होता. त्यात राक्षसासारखी जनावरं एकमेकांशी झुंजतात. एक वार याचा, एक वार त्याचा, आणि ज्याच्या जिवाची हिरवी पट्टी आधी संपेल तो आडवा. मेहुण्याला त्याचं वेड. त्यानंच एकदा थाटात जाहीर केलं होतं, "दर सहा महिन्यांनी झुंज. जिंकेल तो खिडकीत." जाहीर केलं, कारण तोच जिंकायचा. त्याचं जनावर तीन शिंगांचं रानडुक्कर, वाफा सोडत धावून येणारं. दाजींचं एक दगडी कासव. त्याला सगळे ठोंब्या म्हणत. नाव कासवाचं होतं, पण म्हणताना बघत दाजींकडं.

या खेपेला दाजी तयारीनं आले होते. त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. तिनं फोनवरून एक डाव शिकवला होता. डावाचं नाव 'राखून ठेव'.

"बाबा, हा डाव लावला की कासव डोळे मिटून बसतं," ती म्हणाली होती. "दोन फेऱ्या मार खातं, काही करत नाही. मधेच तुमचं मन बदललं तरी उपयोग नाही, त्याला उठवता येत नाही. तिसऱ्या फेरीला डोळे उघडतं आणि जेवढं खाल्लं त्याच्या दुप्पट एका दणक्यात परत करतं."

"दुप्पट?" दाजी म्हणाले. "मार खायचं शिक्षण तर झालंय माझं. परत करायचंच राहिलंय."

झुंजीला पंच म्हणून रिटायर झालेला पोस्टमन बसला. हा रोज दुकानात फुकट पेपर वाचायला येई आणि पेपरातल्या प्रत्येक माणसाला शिव्या देई. शेजारी मधल्या खुर्चीचा कारागीर. त्याला वस्तरा येत नसे, सगळं काम मशीननं, म्हणून त्याचं नावच मशीन.

पहिल्या झुंजीत दाजींनी आल्या आल्या 'राखून ठेव' लावलं. ठोंब्या पाय पोटात घेऊन, डोळे मिटून बसला. मेहुणा खदखदून हसला. "बघा, दाजींवर गेलंय जनावर!" आणि घातलं शिंग. हिरवी पट्टी आखडली. दुसरं शिंग. पट्टी अर्ध्यावर आली. मग ठोंब्यानं डोळे उघडले. टीव्ही असा हादरला की पोस्टमनचा चष्मा नाकावर उतरला. रानडुक्कर चारी पाय वर करून पडलं.

बाकड्यावर टाळ्या पडल्या. मशीननंही दोन वाजवल्या, मग मालकाचं तोंड बघून हात टॉवेलाला पुसले.

"तीनातल्या दोन जिंकायच्या," मेहुणा म्हणाला.

"हे कधी ठरलं?" पोस्टमननं विचारलं.

"आत्ता ठरलं. दुकान कुणाचं आहे?"

हरला की नियम बदलायचा. हात जळला की विस्तवाला दोष. दाजी बसले पुन्हा.

दुसऱ्या झुंजीत दाजींनी घोळ घातला. आधी साधे वार केले, मार खात राहिले, आणि पट्टी पार संपत आल्यावर 'राखून ठेव' लावलं. ठोंब्या डोळे मिटून बसला तो उठलाच नाही. पहिल्याच शिंगाला आडवा. पोटात होतं नव्हतं ते पोटातच राहिलं. फार उशिरा राखायला बसलं की राखलेलं आपल्याबरोबरच जातं.

तिसऱ्या झुंजीआधी मशीन मेहुण्याच्या कानाशी लागला. नोकरी त्यालाही प्यारी होती. दाजींनी पुरा जीव असताना डाव लावला, ठोंब्यानं डोळे मिटले. आणि मेहुण्यानं मारलंच नाही! डुकराला शिंगं घासायला लावली. दुसऱ्या फेरीलाही शिंगंच घासली. ठोंब्यानं डोळे उघडले, इकडं बघितलं, तिकडं बघितलं. काही खाल्लंच नव्हतं तर परत काय करणार? शून्याची दुप्पट शून्य. डाव फुकट गेला, आणि घासलेली शिंगं एका झटक्यात आरपार गेली.

"काय दाजी?" मेहुणा मांडीवर थाप मारून म्हणाला. "राखून राखून काय मिळालं? भोपळा! चला जिन्याखाली. टॉवेल वाळलेत, घड्या घाला."

घरी गेल्यावर दाजींनी जेवणाचं ताट दूर सरकवलं. बायकोनं विचारलं, त्यांनी सांगितलं. सांगताना आवाज चढत गेला. ट्यूब काढली ते सांगितलं, सासरे गेल्यावर आपली वस्तऱ्यांची पेटी त्यानं कुलपात टाकली ते सांगितलं, ठोंब्या म्हणतात ते सांगितलं. "सगळं राखून ठेवलंय मी! एक दिवस असा परत करीन की—"

"कुठं ठेवलंय?" बायको म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे, मला तर काही दिसत नाही साठलेलं. माझा भाऊ आहे म्हणून तुम्ही गप्प बसता, का गप्प बसायला निमित्त हवं म्हणून तो माझा भाऊ आहे? मला मधे घालू नका. मी काही तुमच्या तोंडाला कुलूप लावलेलं नाही."

दाजींना ते झोंबलं. त्यांनी मुलीला फोन लावला आणि आडून आडून विचारलं, "अगं, त्या डावात आधीचे वार धरतात का? म्हणजे डाव लावायच्या आधी खाल्लेले?"

"नाही बाबा. डाव लावल्यापासूनचेच. आधीचे गेले वाया."

"सगळे?"

"सगळे. आणि डाव लावलेला समोरच्याला दिसतो बरं का. लपवून नाही लावता येत. समोर बसून, सांगून लावायचा असतो. कळूनही तो मारतो का, एवढंच बघायचं."

दाजींनी फोन ठेवला. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, आत कुठंतरी थप्पी लागतेय. कसली थप्पी न् कसलं काय! कुणी मोजतच नव्हतं. नुसता मार होता. राग मेहुण्याचा होताच, पण आता स्वतःचाही असा आला की ताटातली भाकरी त्यांनी भांडल्यासारखी मोडली आणि सगळं जेवून उठले.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याच्या दाढीचा दिवस. त्याच्या गळ्याच्या घाटीवर एक टपोरा तीळ होता, फुटाण्यासारखा. त्याच्याभोवती वस्तरा फिरवायला त्याला दाजींशिवाय दुसऱ्या कुणाचा हात चालत नसे. आता बघा, ज्याचे डोळे गेले म्हणून गावभर सांगायचं, त्याच्याच हाती स्वतःची मान द्यायची! आणि बसायचं कुठं? तर खिडकीत. दुसऱ्याच्या गालाला अंधार चालतो, याच्या गळ्याला मात्र उजेड लागतो.

दाजींनी कापड बांधलं, फेस केला, ब्रश फिरवला. उजवा गाल साफ केला. कानापासून हनुवटीपर्यंत, एक केस मागं नाही. बाकड्यावर पोस्टमन पेपरात होता, दोनतीन गिऱ्हाइकं वाट बघत होती. दाजींनी वस्तरा पुसला आणि आरशातून मेहुण्याच्या डोळ्यात बघत म्हणाले, "मालक, मला ही खुर्ची हवी. कामाला उजेड हवा."

"काल हरलात ना?"

"हरलो. आज मागतोय. आणि सांगून ठेवतो, आत्तापासून मी 'राखून ठेव' लावलंय."

पेपर खाली आला. मशीनचं मशीन थांबलं. फेसातनं मेहुण्याचे दात दिसले.

"टीव्ही बंद आहे, दाजी. डोळ्यांबरोबर डोकंही गेलं वाटतं?"

"मालक, नका मारू," मशीन हळूच म्हणाला. "शिंगं घासा."

"ए, तू गप. आपलं काम बघ."

'डोकं गेलं' हा वार मोजून पोस्टमननं एक बोट वर केलं. "एक."

दाजी गप्प उभे होते. वस्तरा घडी करून हातात. काल टीव्हीवर हात आवरला होता मेहुण्यानं, पण तो हात रिमोटवर होता. इथं जीभ होती, आणि समोर एक माणूस गप्प उभा होता. गप्प उभा असलेला माणूस बघितला की मेहुण्याच्या जिभेला खाज सुटायची.

"तोंडावरचा फेस वाळतोय," एक गिऱ्हाईक म्हणालं. "बोलू नका, दाढी करून घ्या."

"का नाही बोलायचं? माझं दुकान! ताईच्या तोंडाकडं बघून ठेवलंय यांना, नाहीतर कुणी ठेवला असता का हा आंधळा वस्तरा?"

"दोन," पोस्टमन म्हणाला, आणि पेपराची घडी घातली.

दाजींनी मेहुण्याच्या मानेखालचं कापड सोडलं. अलगद, जसं काम झाल्यावर सोडतात तसं.

"ऊठ," दाजी म्हणाले.

दुकानात दाजींच्या तोंडी अरेतुरे कुणी ऐकलं नव्हतं. मेहुणा बघतच राहिला. उजवा गाल तुळतुळीत, डावा पांढराफटक, आणि तीळ फेसाच्या मधोमध.

"अर्धीच झालीय, दाजी."

"उरलेली मागच्या खुर्चीवर करू. जिन्याखाली. सगळ्यांची मी तिथंच करतो ना? तिथल्या उजेडात काही अडत नाही, तूच म्हणतोस. गालच काय, गळाही करून देतो. चल."

मेहुण्यानं वळून मागं बघितलं. ओले टॉवेल, आणि त्यामागं काळोख. नकळत त्याचा हात गळ्याकडं गेला, तिळावर.

"तिथं... तिथं दिसत नाही काही."

"काय म्हणालास?" दाजींचा आवाज आता बाहेरच्या पाटीपर्यंत गेला. "यांनाही ऐकू दे! तिथं दिसत नाही? मग परवा त्या माणसाचा गाल माझ्या डोळ्यांनी कापला, का तू काढून नेलेल्या ट्यूबनं? स्वतःच्या गळ्याला खिडकी आणि लोकांच्या गालाला जिना? डोळे माझे गेलेत, का लाज तुझी?"

ज्याच्या गालाला वस्तरा लागला होता ते गिऱ्हाईक बाकड्यावरच होतं. त्यानं आपला गाल चाचपला आणि मेहुण्याकडं असं बघितलं की मेहुण्यानं मान मशीनकडं वळवली.

"मशीन, तू कर रे उरलेली."

"मला वस्तरा कुठं येतो, मालक? आणि तिळाला मशीन लावलं तर तीळच येईल हातात."

फेस वाळून डाव्या गालाला भेगा पडायला लागल्या होत्या. स्वतःची स्वतः करायची तर त्या तिळाभोवती हात थरथरायचा. असा अर्धा भादरलेला मालक बाहेर जाणार कुठं? पाटीवर याचाच फोटो, वर ट्यूब.

"दाजी," तो खालच्या आवाजात म्हणाला, "इथंच करा ना. खिडकीत."

"इथं करायला ही खुर्ची माझी असावी लागेल."

"...घ्या."

"मोठ्यानं. पंचाला ऐकू आलं नाही."

"घ्या म्हटलं ना! खुर्ची तुमची."

"एक झालं," दाजी म्हणाले. "पण हा डाव दुप्पट देतो. ती पाटीवरची ट्यूब आज उतरवायची आणि मागच्या खुर्चीवर पुन्हा लावायची."

"आता ती कशाला? तुम्ही तर इथं आलात."

"मी आलो. तिथं आता तू उभा राहणार आहेस. लोकांचे गाल आहेत, बाबा."

पोस्टमन इतका हसला की त्याला ठसका लागला. दाजी जिन्याखाली गेले, आपला ब्रश, कप, तुरटी आणि वस्तरा ओढायचा चामड्याचा पट्टा घेऊन आले, आणि सगळं खिडकीतल्या फळीवर मांडलं. मेहुण्याच्या वस्तू एका टॉवेलात गोळा करून मशीनच्या हातात दिल्या. मग कापड पुन्हा बांधलं, नवा फेस केला, आणि डावा गाल घेतला. तिळाशी आल्यावर वस्तरा क्षणभर थांबला. मेहुण्यानं डोळे गच्च मिटले.

"डोळे मिटून काय बसलास? मी नाही मारत," दाजी म्हणाले, आणि तिळाभोवती वस्तरा गोल फिरवून घेतला. ओरखडाही नाही.

दुपारी मेहुणा स्टुलावर चढून ट्यूब लावत होता. ती लागली तेव्हा जिन्याखालची भिंत बऱ्याच दिवसांनी नीट दिसली. सगळी जळमटं. दाजी खिडकीतून ओरडले, "केरसुणी कोपऱ्यात आहे, मालक!"