गुलाबदाणीच्या पोटातली खिडकी

ती घटना आजही आठवली की माझं डोकं तापतं. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, बायको म्हणते आता सोडा. पण सगळंच सोडवत नाही.

तेव्हा मी लातूरला एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका आडत व्यापाऱ्याने फिर्याद दिली: देवघरातली जुनी चांदी, त्यात एक मोठी गुलाबदाणी, कपाटातून गेली. कुलूप शाबूत, कडी शाबूत. म्हणजे काम घरात वावरणाऱ्याचं. व्यापाऱ्याने लगेच धुण्याभांड्याच्या बाईचं नाव घेतलं. "साहेब, दुसरं कोण असणार? त्या वस्तीतल्या लोकांचं तुम्हाला काय सांगावं!" वस्ती बौद्धांची होती. त्याच्या बोलण्याचा रोख मला कळला आणि तिथेच माझी सटकली. पण फिर्यादीत नाव आलं की चौकशी टळत नाही. भर दुपारी महिला शिपायासह गाडी तिच्या गल्लीत गेली आणि अख्खी गल्ली बघत उभी राहिली.

बाई ठाण्यात आली, पण रडली नाही. "साहेब, घराची झडती घ्या. मी न्हाई घेतलं. माझी पोर नर्सिंगला हाय, तिला लोक चोरटीची पोर म्हनत्याल." झडतीत काही मिळालं नाही. जबाब घेऊन तिला घरी सोडलं. तोवर ती काम करायची त्या बाकीच्या घरांनीही तिला "उद्यापासून येऊ नका" म्हणून सांगितलं होतं. कोर्ट नाही, पुरावा नाही, निकाल मात्र लागला!

मग नांदेडच्या एका ओळखीच्या सराफाचा फोन आला. "साहेब, जुनी चांदी विकायची म्हणून मोबाईलवर फोटो फिरायलेत. बघा, तुमचीच हाय का."

चांदी तीच होती. फोटो इतका देखणा, की आमचा रायटर, म्हणजे ठाण्याची लिखापढी करणारा हवालदार, म्हणाला, "कंपनीचा वाटतो, साहेब." मागे निव्वळ पांढरं, कुठे रेघ नाही, सावलीसुद्धा मऊ. मला प्रश्न पडला, बटणाचा फोन वापरणारी बाई हा फोटो कसा काढेल? मी तो मोठा करून पाहिला. गुलाबदाणीचं पोट घासूनपुसून आरशासारखं लख्ख केलेलं, आणि त्यात समोरची खोली वाकडीतिकडी उमटलेली: उंच खिडकी, तिला मोराची लोखंडी जाळी, आणि हातात मोबाईल धरून उभा एक पुरुष. ती मोराची जाळी मी पंचनाम्याच्या वेळी व्यापाऱ्याच्याच घरी, माडीवर पाहिली होती.

माडीवरची खोली त्याच्या थोरल्या मुलाची. तो इमिटेशनचे दागिने ऑनलाइन विकायचा. खिडकीजवळ टेबल, भिंतीवरून टेबलावर उतरवलेला पांढरा चार्ट पेपर, बाजूला थर्माकोल. मी गेल्या गेल्या चोरीचा विषय काढला नाही. "फोटो झकास काढता म्हणे," एवढंच म्हणालो. गडी खुलला.

"कागदाला घडी पाडायची नाही साहेब, वळण द्यायचं. मग मागची रेघ दिसत नाही. खिडकीला पातळ पांढरा पडदा लावला की उजेड मऊ येतो. थर्माकोलने दुसरी बाजू उजळते."

"आणि चकचकीत वस्तू?"

"ती लई अवघड. समोरचं सगळं तिच्यात दिसतं. छोटी असली तर चारी बाजूंनी कागद लावता येतो, पण मोठी असली..."

मी खिशातून मोबाईल काढून तो फोटो त्याच्यासमोर धरला. चौकशीत मी पुष्कळ आरडाओरडा पाहिला आहे. इथे त्याची गरजच पडली नाही. वडील महागडा कॅमेरा घेऊन देत नव्हते, म्हणून त्याने देवघर विकायला काढलं होतं. बाईला घेऊन गाडी त्यांच्या घरावरून गेली, तेव्हा हा वरून खिडकीतून बघत होता. मुद्देमाल त्याच्याच पलंगाखालून जप्त केला.

बाप खाली पान लावत बसला होता. सगळं ऐकून म्हणाला, "साहेब, घरचीच गोष्ट हाय, मिटवून टाका. बाईला दोन साड्या घेऊन देऊ." त्या क्षणी अंगावर वर्दी होती म्हणून हात आवरला. मी मिटवलं नाही, दोषारोपपत्र पाठवलं. पुढे कोर्टात बापलेकांची तडजोड झाली. ते माझ्या हातात नव्हतं.

बाईला साड्यांचा निरोप कळला. तिने मला सांगितलं, "साड्या नगंत. पोलीस गाडी आली ती समद्यांनी बघितली. आता मालकांनी बी समद्यांसमोर येऊन सांगावं." मी व्यापाऱ्याला तसं यायला भाग पाडलं आणि सोबत गेलो. तो आला, पण मोटारीतून उतरला नाही. काच बोटभर खाली करून पुटपुटला, "चुकून तुमचं नाव आलं."

बाई मोटारीला खेटून उभी राहिली. "काच खाली घ्या मालक, आइकू येईना. चोर कोन हाय, ते सांगा."

काच खाली घेत तो म्हणाला, "माझा लेक."

"मोठ्यानं," बाई म्हणाली.

त्याला मोठ्याने सांगावं लागलं.

मी त्या केसमधून शिकलो ते एवढंच. संशय नेहमी त्या दारावर जातो, जिथून कुणी उलटून बोलणार नाही असं वाटतं. निर्दोष सुटलेल्या माणसाला आपण "जा घरी" म्हणतो आणि फाइल बंद करतो. त्यानंतर माझ्या ठाण्यात असं कुणी सुटलं, की तो निर्दोष आहे हे सांगायला मी त्याच्या दारी गाडी पुन्हा पाठवत असे. भर दुपारीच, सगळे बघत असताना.