धर्मशाळेतली मांडलेली चूल

खामगावच्या चौकातल्या जुन्या धर्मशाळेत आता साड्यांचं दुकान आहे. परवा आत शिरले आणि बाहेरून कुठूनतरी पऱ्हाट्या, कपाशीच्या काड्या, जळल्याचा वास आला. लहानपणी आईसोबत मी इथे मुक्कामाला होते. सकाळी निघताना आईने चूल सारवून तिच्यात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या रचल्या.

“माय, आपण तं चाललो. मंग चूल काऊन मांडून राह्यली?”

“काल आपल्याले मांडलेलीच भेटली ना.”

“कोनं मांडली होती?”

“मले काय मालूम.”

तेव्हा वाटलं, आई मुद्दाम सांगत नाही. आता तर ती चूल दुकानातल्या आरशाच्या जागी होती की गादीच्या, तेही उमगेना. मी बघत राहिले, तोवर दुकानदाराने माझ्यापुढे साड्यांचा ढीग उलगडला. एकही घेतली नाही. उठताना मात्र एकेक घडी घालू लागले.

“राहू द्या ना ताई,” तो म्हणाला.

माझे हात थांबेनात.