नातीची परीक्षा आणि बकऱ्याचं पोट

माझी नात डहाणूला नर्सिंग शिकत होती. तोंडी परीक्षेच्या आधी ती झरीला घरी आली ती रडकुंडीला येऊनच. शरीराच्या आतलं काही डोक्यात बसत नाही म्हणाली, आणि नापास झाली तर बाप शिक्षण सोडायला लावणार होता. मी दुसरीपर्यंत शिकलो, पण आमच्या पाड्यात कुणाचंही जेवण असलं की बकरा कापायला मलाच बोलावतात. म्हटलं, "पुस्तक ठेव. सकाळी माझ्याबरोबर चल."

सकाळी शेजाऱ्याच्या लग्नाचा बकरा कापला. हृदय, फुप्फुसं, कलेजी, गुर्दे, एकेक काढून तिच्या हातात दिलं. पोरीला पटापट कळायला लागलं. मग पोट उघडलं.

"बघ, चार पिशव्या."

"आजा, माणसाला एकच असते."

"कोण सांगतो?"

"पुस्तक."

"ते लिहिणाऱ्याने किती बकरे कापलेत?"

"बकरा रवंथ करतो, म्हणून त्याला चार. तू रवंथ करतोस का?"

मसाला वाटणाऱ्या बायका खो खो हसल्या. एक म्हणाली, "करतो की! तंबाखू चघळतो ना दिवसभर!"

मी सुरी धुतली आणि नातीला बजावलं, "परीक्षेत चारच सांग."

परीक्षेनंतर ती पेढे घेऊन आली.

"पोटाच्या पिशव्या किती सांगितल्यास?"

"एक."

"तरी पास केलं?"

"हो, आजा. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी केलं."

मी पेढा तोंडात टाकला. म्हटलं, "बाई मनाने चांगली दिसते. पुढच्या लग्नाला तिला बोलव, मी दाखवतो."