दगडाची पाठ

आमच्या गल्लीत कबरीचे दगड कोरणारे एक काका होते. सगळे त्यांना छिन्नीकाका म्हणत. दगडावर ते नाव, तारखा आणि बायबलमधलं एक वचन एवढंच कोरत. कुणी कौतुकाचा शब्द घालायला सांगितला की छिन्नी खाली ठेवत. "माणसाचं बोलणं दोन दिवसांचं. देव बोलला तेवढंच दगडावर शोभतं."

"छिन्नीकाकांकडे मेल्यावरसुद्धा कौतुक नाही," असं लोक म्हणत आणि दुसरीकडे जात. काका हसत.

मग काकू गेल्या. मी शाळेत शिकवायचे, त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात शिकलेला. तोवर बापाशेजारी बसून काम करू लागला होता.

"बाबा, वचनाखाली 'प्रेमळ आई' एवढं घालू."

"नको."

"परकी नाही, आपली आई आहे."

"घरच्यांसाठी नियम मोडला तर परक्यांना कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"

"तुम्हाला ती प्रेमळ वाटली नाही का?"

काका छिन्नी पुसत राहिले. उत्तर त्यांच्यापाशी नक्की होतं. पण स्वतःच्या शब्दांना जन्मभर कवडीची किंमत न देणाऱ्या माणसाला ऐन वेळी शब्द कुठून सापडणार?

त्यानंतर बापलेक एकाच छपराखाली बसत, पण बोलत ते फक्त दगडाविषयी.

काकांनी स्वतःचा दगड आधीच कोरून ठेवला. गवत सुकतं, फूल गळतं, देवाचं वचन मात्र टिकतं, अशा अर्थाचं वचन, बोटाचं पेर बुडेल इतकं खोल. खाली नाव-तारखांपुरती जागा. "हाच माझ्या उशाशी उभा कर. एक अक्षर जास्त नको," त्यांनी मुलाला बजावलं. मुलगा "बरं" म्हणाला.

काका गेले. पुढे मी दफनभूमीत गेले, तेव्हा दगड उभा होता, पण फिरवून. वचनाचं तोंड कुंपणाच्या भिंतीकडे. वाटेकडच्या बाजूला नाव, तारखा आणि खाली सोनेरी अक्षरांत एक ओळ: 'प्रेमळ आईचा नवरा'.

मुलगा तिथंच झाडलोट करत होता.

"अरे, हे काय केलंस?"

"खोटं आहे का, बाई?"

"आईच्या दगडावरच घालायचं होतंस. आता अडवायला कोण होतं?"

"छिन्नी टेकवून पाहिली. वचनाशेजारी माझा हात चालेना. बाबांनीच तसा करून ठेवलाय."

"आणि बाबांच्या दगडावरचं वचन?"

"घासून टाकायला यंत्र आणलं होतं. तेही जमलं नाही. मग फिरवला."

एवढं बोलून त्यानं पुन्हा झाडू उचलला.

त्याची ती ओळ उथळ आहे. उन्हापावसानं सोनेरी रंग उडतो. दरवर्षी तो डबी घेऊन येतो, अक्षरं भरतो आणि मागे न वळता जातो. दगड आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस मावतो. परवा मी अंग चोरून आत शिरले. कोळ्यांनी जाळी विणली होती. बाजूला सारली, तर वचनाची अक्षरं जशीच्या तशी. तिथवर वाचायला कुणी येत नव्हतं, एवढंच.